गालातला पांढरा चट्टा आणि घरातली मिश्रीची डबी

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. मी पारोळा तालुक्यातील एका खेड्यात राहते व अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते. ह्यांचे वय एक्केचाळीस आहे. घरची कापसाची शेती आहे आणि हंगामात ते जिनिंगवर हमालीला जातात. अठरा वर्षांपासून त्यांना तंबाखू-चुन्याची सवय आहे. दिवसाला दहा-बारा बार होतात, आणि रात्री झोपतानाही एक गालात असतोच. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, त्याला आता सहा महिने होत आले. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या आणि लावायला जेल दिले, पण काही फरक नाही. मोठ्या दवाखान्यात चला म्हटले की हे म्हणतात, ‘दुखस नही, मंग काय व्हयनं?’ मोठे दीर म्हणतात की तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, शेजारच्या गावात एकाचे तसेच झाले. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन जाऊ द्या, मग पाहू, असे सध्या चालले आहे. हा चट्टा म्हणजे कॅन्सर आहे का? तुकडा काढू द्यावा का? तंबाखू सोडली तर चट्टा आपोआप जाईल का? आमच्या घरात सासूबाई, जाऊबाई आणि मी सकाळी मिश्री लावतो, जाऊबाईंना तर पाचवा महिना आहे, पण आम्हा बायकांपैकी तंबाखू कोणीच खात नाही. उत्तर लवकर द्यावे ही विनंती.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देतो आणि कारणे नंतर सांगतो. हा चट्टा कॅन्सर आहे की नाही, हे पत्र वाचून, मोबाइलवरचा फोटो पाहून किंवा तोंडात नुसती बॅटरी मारून कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. तुकडा काढू द्यावा, आणि आखाजीची वाट न पाहता काढू द्यावा. तंबाखू सोडल्यावर असे अनेक चट्टे फिके पडतात आणि काही पूर्ण नाहीसेही होतात, परंतु सहा महिने टिकलेल्या चट्ट्याच्या बाबतीत ‘आधी सोडून पाहू, नाहीच गेला तर दाखवू’ हा क्रम मला मान्य नाही. तपासणी आणि तंबाखू सोडणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात सुरू झाली पाहिजेत.

आता यजमानांच्या त्या वाक्याकडे वळतो. ‘दुखस नही, मंग काय व्हयनं?’ हे मी धुळ्यातल्या दवाखान्यात तीस वर्षे ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. शेतात राबणाऱ्या माणसाचा दुखण्यावर विश्वास असतो, कारण पायात काटा गेला, विंचू चावला, दाढ किडली, तर शरीर लगेच ओरडून सांगते आणि माणूस त्यानुसार वागतो. गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याला मात्र हा नियम लागू पडत नाही. तिथे जो बदल होतो तो अस्तराच्या वरच्या थरांत, कणाकणाने होतो, आणि त्या वेळी मज्जातंतूंना त्याचा स्पर्शही झालेला नसतो. चट्टा दुखू लागतो तो बहुधा तिथे जखम होऊन ती खोल गेल्यावर. म्हणून ‘दुखत नाही’ या माहितीवरून चट्टा साधा आहे की वाईट, याचा काहीच निर्णय करता येत नाही. त्यातून फार तर एवढेच कळते की अजून वेळ हातात असण्याची शक्यता आहे.

हा चट्टा बनतो कशाचा, ते यजमानांना त्यांच्याच हाताच्या उदाहरणाने सांगा. वखराची रुमणी धरून किंवा कापसाच्या गाठी ओढून तळहाताला घट्टे पडतात, म्हणजे घर्षणापासून वाचण्यासाठी कातडी जाड होते. तोंडाचे अस्तर मुळात मऊ, ओले आणि गुलाबी असते, त्याला घट्टे पडण्याचे काही कारण नाही. परंतु एकाच जागी वर्षानुवर्षे तंबाखू आणि चुना दाबून ठेवला की तेही जाड होऊ लागते, आणि लाळेने भिजलेला तो जाड थर पांढरा दिसतो. पुसून जात नाही आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याही आजाराचे नाव देता येत नाही, अशा पांढऱ्या चट्ट्याला आम्ही ल्युकोप्लाकिया म्हणतो. हाताच्या घट्ट्याशी तुलना मात्र इथे संपते. तळहाताच्या घट्ट्याचा कॅन्सर होत नाही, आणि इथे त्या जाड झालेल्या पेशी सतत अशा द्रव्यांत भिजत असतात की जी कॅन्सर घडवतात. तंबाखूचे पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन्स नावाची रसायने तयार होतात. चुन्यामुळे अस्तर भाजते आणि तंबाखूतले निकोटिन झपाट्याने रक्तात शिरते, म्हणूनच चुन्याशिवाय बाराला ‘मजा’ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खाण्याच्या तंबाखूला आणि नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर जिभेवर जास्त आढळतो, आपल्याकडे तो गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत, म्हणजे नेमका जिथे बार ठेवतात तिथे मोठ्या प्रमाणात होतो. यजमान बार कोणत्या बाजूला ठेवतात, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण डाव्या बाजूलाच ठेवत असणार, अशी माझी पैज आहे.

रात्री झोपताना गालात राहणारा बार मला दिवसाच्या बारांपेक्षा जास्त खटकतो. झोपेत लाळ कमी सुटते, माणूस थुंकत नाही, चूळ भरत नाही, आणि सहा-सात तास तो अर्क एकाच ठिकाणी मुरत राहतो. सोडण्याची सुरुवात याच बारापासून करा.

सगळेच पांढरे डाग ल्युकोप्लाकियाचे नसतात, हेही सांगायला हवे. दाढेचा तुटका कोपरा किंवा कवळीची कड सतत घासली तर तिथे पांढरटपणा येतो, आणि तो कोपरा घासून गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत ओसरतो. बुरशीमुळे येणारा पांढरा थर ओल्या फडक्याने पुसला की निघतो आणि खाली लालसर जागा दिसते. लायकेन प्लॅनस नावाच्या आजारात दोन्ही गालांत जाळीसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. तेव्हा घरी एकदा नीट पाहून घ्या. सकाळी दहाच्या सुमारास यजमानांना दारात उजेडाकडे तोंड करून बसवा, चांगल्या तीन-चार चुळा भरायला लावा आणि हात धुऊन चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढा. बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून चट्टा हलक्या हाताने पुसून पाहा. मग तेच बोट त्यावरून फिरवा. शेजारचा गाल मऊ लागेल, चट्टा सायीसारखा गुळगुळीत लागतो की वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला, हे कळेल. खाली काही कडक, गाठीसारखे हाताला लागते का, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. जीभ बाहेर काढायला लावून तिच्या दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावायला सांगून तिच्याखालची जागा पाहा आणि शेवटी जबड्याखाली व मानेत दोन्ही बाजूंना चाचपून पाहा.

आणखी एक चाचणी घ्या. यजमानांना त्यांचीच तीन बोटे, म्हणजे तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही सहज गेली तर तोंड नीट उघडते आहे. दोनच जात असतील, किंवा हिवाळ्यात ज्या भरितावर ते ताव मारायचे तेच भरीत आता तोंडाला झोंबते म्हणून बाजूला सारत असतील, तर मला वेगळी शंका येईल. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालांच्या आत दोऱ्यासारखे कडक पट्टे तयार होतात, गाल आवळत जातो आणि भाकरीचा मोठा घासही घेता येत नाही. हा आजार बऱ्याच अंशी सुपारीमुळे होतो आणि त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो. तुम्ही फक्त तंबाखू-चुन्याचे लिहिले आहे, पण जिनिंगवर पाळी करणारा माणूस सोबत्यांनी पुढे केलेली पुडी नाकारत असेलच असे मी धरून चालत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही पुड्या मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता धोका किती, हे पाहू. ल्युकोप्लाकिया असलेल्या बहुतेक माणसांना त्या चट्ट्यातून कधीही कॅन्सर होत नाही, त्यामुळे घरात रडारड करण्याचे कारण नाही. परंतु ज्या थोड्यांना तो होतो, ते थोडे कोण हे वरून ओळखता येत नाही. चट्टा पांढऱ्यात लाल मिसळलेला, दाणेदार किंवा खरबरीत असेल तर धोका वाढतो. निव्वळ लाल, मखमली चट्टा हा पांढऱ्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो, आणि लोक मात्र त्याला ‘तोंड आले’ म्हणून सोडून देतात. जिभेच्या कडेवर किंवा जिभेखाली चट्टा असणे हेही गंभीर मानतात. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हलणारा दात, ओठाला येणारी बधिरता, गिळताना अडकल्यासारखे वाटणे, चट्ट्याच्या बाजूचा कान दुखणे किंवा मानेतली गाठ, यांपैकी काही दिसले तर उद्याच निघा. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर हा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे, आणि त्यातले बरेच रुग्ण दवाखान्यात पोहोचतात तेव्हा रोग पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. जागा डोळ्यांना दिसणारी, बोटाने चाचपता येणारी, आरशासमोर रोज उघडणारी असूनही असे व्हावे, याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्या यजमानांना दिलेल्या ताकदीच्या गोळ्यांबद्दल मी कडक बोलणार होतो, पण तो अधिकार मला नाही. माझ्या व्यवसायाची पहिली काही वर्षे होती. शिंदखेड्याकडचा एक ट्रॅक्टरचालक, वय पस्तीसच्या आसपास, दाढ काढायला आला. दाढेशेजारी गालात पांढरट, जरा खरबरीत चट्टा होता. मी तो पाहिला, तंबाखू सोडायला सांगितली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने दाखवा म्हणालो. तुकडा काढण्याचा विषय मी काढलाच नाही. तो घाबरेल असे वाटले, असे मी पुढे अनेकांना सांगितले. खरे म्हणजे त्या दिवशी बाहेर बाकावर दहा रुग्ण बसले होते आणि मला घाई होती. दाढेची जखम भरली, दुखणे थांबले आणि महिन्याने तो आला नाही. आला तेव्हा चौदा महिने उलटले होते, चट्ट्याच्या जागी कडक कडांची जखम होती आणि जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागत होती. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा काही भाग काढावा लागला. तो आज हयात आहे, भाकरी दुधात कुस्करून खातो, आणि मला भेटला की माझ्याविरुद्ध एक शब्द काढत नाही. त्या गोळ्यांनी तोंडाचा कॅन्सर टळतो असा पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. त्यांचा एकच निश्चित परिणाम मी पाहिला आहे, तो म्हणजे औषध चालू आहे असे वाटून माणूस तपासणी पुढे ढकलतो.

तुमच्या मोठ्या दिरांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. शेजारच्या गावात त्यांनी जे पाहिले ते खरेच घडलेले असणार. माणूस वर्षभर अंगावर काढतो, गाठ मानेत उतरते, मग कोणीतरी बळेच दवाखान्यात नेतो, तिथे तुकडा काढला जातो आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत तो जातो. गावाच्या डोळ्यांसमोर एवढेच असते की तुकडा काढेपर्यंत माणूस चालता-बोलता होता. रोग आधीच पसरलेला होता हे कोणाला दिसलेले नसते. तुकडा काढल्यामुळे तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, आणि नसलेला कॅन्सर तर मुळीच सुरू होत नाही. दिरांना शक्य असेल तर सोबतच घेऊन जा आणि हा प्रश्न त्यांनाच तिथल्या डॉक्टरांना विचारू द्या. माझ्या अनुभवात वडीलधाऱ्या माणसाचे समाधान झाले की पुढचा उपचार निम्मा सोपा होतो.

प्रत्यक्षात होते ते असे. खुर्चीत बसवून चट्ट्याजवळ बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, तेवढी एक टोच लागते. नंतर चट्ट्याच्या सर्वांत संशयास्पद भागातून तुरीच्या डाळीएवढा तुकडा कापून घेतात, एक-दोन टाके घालतात आणि तुकडा औषधाच्या लहान बाटलीत टाकतात. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात. दोन-चार दिवस तिखट आणि गरम टाळायचे, आणि तंबाखू अर्थातच नाही. सुईच्या जागी तंबाखू गेली की जी आग होते ती पाहता, अनेकांनी तंबाखू सोडण्याचा मुहूर्त तोच धरलेला मी पाहिला आहे. बाटली पॅथॉलॉजिस्टकडे जाते, आणि साधारण आठवडाभरात अहवाल येतो. त्यात डिसप्लेशिया असा शब्द असेल, तर पेशींच्या रचनेत बिघाड सुरू झाला आहे असा त्याचा अर्थ. तो सौम्य, मध्यम की तीव्र हे लिहिलेले असते. त्यानुसार चट्टा पूर्ण काढून टाकायचा की लक्ष ठेवायचे हे ठरते. काढलेला चट्टा पुन्हा येऊ शकतो, म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवणे चुकवता येत नाही, अहवाल चांगला आला तरीही. आणि समजा कॅन्सर निघाला, तर सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात. मानेत उतरलेल्या रोगाबद्दल मला इतक्या खात्रीने असे लिहिता येणार नाही.

कुठे जावे, हे पारोळ्याच्या माणसासाठी अवघड नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य असतील तर पहिली तपासणी तिथेच होईल, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. तिथे तुकडा काढण्याची सोय नसेल तर धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. दोन्हीकडे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा आणि योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. उसनवारी करण्याआधी त्याच्याशी बोला, एवढी माझी सूचना आहे.

तंबाखू सोडण्याबद्दल मी ‘मनावर घ्या’ असे लिहिणार नाही, कारण ते कोणीही सांगतो. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, नखाएवढा चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवायची आणि चिमूट गालात सोडायची, ही क्रिया दिवसाला बारा वेळा आणि अठरा वर्षे, म्हणजे पाऊण लाखाहून अधिक वेळा झालेली आहे. शरीराला निकोटिनची आणि हातांना त्या मळण्याची, अशा दोन सवयी एकदम सोडायच्या असतात. त्यामुळे दिवस ठरवून सोडा, आणि तो दिवस आखाजीच्या आधीचा धरा. जिनिंगचा हंगाम संपत आला आहे, म्हणजे एकाने मळून चौघांना वाटण्याची ती टोळी सध्या जवळ नाही, ही सोय पुन्हा पुढच्या वर्षीच मिळेल. आखाजीला मात्र पत्त्यांचे डाव बसतात आणि डावात चंची फिरत राहते, तेव्हा त्या दोन दिवसांत त्यांना झोका बांधायला, सासुरवाडीला न्यायला, काहीही कामाला लावा, पण डावाला बसू देऊ नका.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, डोके दुखेल, आणि बार लावल्याशिवाय शौचाला होत नाही ही तक्रार हमखास येईल. ती खोटी नसते, कारण निकोटिनने आतड्यांना चालना मिळते. सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि थोडा धीर, एवढ्याने आठ-दहा दिवसांत पोट रुळावर येते. तलफ एका वेळी काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ तोंडात लवंग, बडीशेप किंवा धनाडाळ ठेवावी, पण घेताना त्यात सुपारीचे तुकडे नाहीत ना, हे पाहावे. सुपारीवर आणून सोडलेली तंबाखू मी सुटलेली मानत नाही. दिवसाला दहा-बारा बार घेणाऱ्याला निकोटिनच्या च्युइंगमचा चांगला उपयोग होतो. ते नेहमीच्या गोळीसारखे भराभर चावायचे नसते. झणझण सुरू होईपर्यंत हळू चावून चट्टा नसलेल्या बाजूला गालात ठेवायचे, झणझण थांबली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास चालवायचे. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते, हाच क्रमांक तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. फोन मात्र यजमानांनी स्वतः करावा. मध्ये एखादा बार घेतला गेला तर घरात भांडण करू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की तुम्ही तिघी मिश्री लावता, पण तुमच्यापैकी तंबाखू कोणीच खात नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. ताई, मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच आहे. भाजल्याने तिची नशा जात नाही, उलट जळण्यातून आणखी काही घातक द्रव्ये तयार होतात. दात घासण्यासाठी लावतो असे सगळ्याच म्हणतात, परंतु पावडर लावून अर्धा तास ओट्यावर बसून राहण्याची गरज दातांना नसते. दोन दिवस सकाळी लावू नका आणि डोके जड होते का, कामात लक्ष लागते का, हे स्वतःच पाहा. देशपातळीवरील २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरतात असे आढळले, आणि अशा मोजणीत मिश्री लावणाऱ्या बायकाही धरल्या जातात, जरी त्यांतल्या कित्येक स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नसल्या तरी. जाऊबाईंनी तर आजच थांबवावे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही अधिक होते. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर रोज बाळे ठेवणाऱ्या तुम्हाला १०५ ग्रॅम म्हणजे काय, हे मी समजावण्याची गरज नाही.

अंगणवाडीत असता म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी, जे डॉक्टर नव्हते, लोकांची तोंडे उजेडात नुसती डोळ्यांनी तपासली आणि संशयितांना पुढे पाठवले. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. यजमानांच्या गालातला चट्टा त्यांना स्वतःला दिसला नव्हता, तुम्हाला दिसला. सासूबाईंचे तोंडही त्याच दारात, त्याच चमच्याने पाहा. त्यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे मिश्री लावलेली असणार.

धुळ्याला किंवा जळगावला जाल तेव्हा खिडकीवर दोन केसपेपर काढा, आणि दुसऱ्यावर तुमचे स्वतःचे नाव घाला. आत गेल्यावर डॉक्टर ‘तंबाखू खाता का?’ असे विचारतील, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. मिश्री लावते, रोज सकाळी, इतक्या वर्षांपासून, असे सांगा.

कळावे.